काहीतरी बिनसलंय, पण शाळेत सांगू कुणाला? आठवी ते बारावीच्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

मी शाळेत समुपदेशक आहे, म्हणजे तुमच्या भाषेत काउन्सेलर मॅडम. पोरं-पोरी माझ्या रूमच्या दाराशी घुटमळतात आणि आत यायच्या आधी जे विचारतात, किंवा विचारायचं असतं पण विचारत नाहीत, ते सगळं इथे एका जागी लिहिलंय. क्रमाने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. मरून जावं असे विचार येत असतील तर मात्र स्क्रोल करत बसू नका, आत्ताच १४४१६ हा हेल्पलाईनचा नंबर लावा, फ्री आहे, रात्री-बेरात्री पण चालू असतो, मराठीत बोलतात.

मला खरंच काही झालंय की मी उगाच जास्त विचार करतोय, हे कसं ओळखायचं?

पहिली गोष्ट, हे ठरवणं तुमचं काम नाहीच. ताप आला की टायफॉईड आहे का मलेरिया हे आधी ठरवून मग डॉक्टरकडे जातो का आपण? अंग तापलंय एवढंच सांगायला जातो ना. इथे पण तेच, "मला डिप्रेशन आहे का" याचं उत्तर शोधून यायचं नाहीये, "मला आजकाल बरं वाटत नाहीये" एवढ्यावर काम होतं.

तरी काय बघायचं म्हणाल तर मी बदल बघते. मुळात कमी बोलणारा मुलगा गप्प बसला तर मला काही वाटत नाही, पण ऑफ तासाला अख्खा वर्ग डोक्यावर घेणारी मुलगी मधल्या सुट्टीत पण बाकावर डोकं ठेवून पडून राहायला लागली तर मी विचारणारच. ढोलपथकाच्या प्रॅक्टिससाठी क्लास बुडवणारा पोरगा यंदा पथकात गेलाच नाही आणि का ते त्याला स्वतःला पण सांगता येत नाही. जेवण एकदम कमी झालंय किंवा एकदम वाढलंय, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत टक्क जागं आणि सकाळी उठवत नाही, तेच पान चारदा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही, मित्राचा फोन वाजतोय आणि उचलावासा वाटत नाही, कुणी साधं "काय रे" म्हटलं तरी डोळे भरून येतात. यातलं काहीतरी एखाद-दोन दिवस सगळ्यांनाच होतं, पेपर वाईट गेला, घरी भांडण झालं, ब्रेकअप झालं, साहजिक आहे. पण बहुतेक दिवस असंच जातायत आणि दोन आठवडे झाले तरी तसंच आहे, तर बोला. दोन आठवडे हे मी हवेतून काढलेलं नाही, डॉक्टर पण डिप्रेशन तपासताना साधारण तेवढा काळ धरतात. आणि त्रास खूपच असेल तर कॅलेंडर बघत बसायची पण गरज नाही, तिसऱ्या दिवशी आलात तरी कुणी परत पाठवणार नाही.

या वयात चिडचिड सगळ्यांचीच होते, त्यात काय एवढं?

होते, आणि बरीचशी आपोआप जाते पण. अडचण अशी आहे की मोठ्या माणसाचं डिप्रेशन उदास, रडकं दिसतं आणि तुमच्या वयात तेच बऱ्याचदा चिडचिडीच्या रूपात बाहेर येतं. दार आपटणं, आईवर खेकसणं, धाकट्या बहिणीला उगाच झापणं. घरचे म्हणतात माज आलाय, मोबाईलने डोकं फिरलंय, आणि पोरगं आतून पार थकलेलं असतं. मुलग्यांच्या बाबतीत तर हे जास्तच, कारण त्यांना रडायची सोयच ठेवलेली नाही, "पोरीसारखा काय रडतोस" हे बालवाडीपासून ऐकलेलं, मग जे काही बाहेर पडायचं ते रागातूनच पडतं. मारामारी केली म्हणून माझ्याकडे पाठवलेला मुलगा दहा मिनिटांनी घरच्या गोष्टी सांगता सांगता हुंदके देतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मारामारी म्हटलं की मी आधी टिश्यूचा बॉक्स जवळ ओढते.

एक साधी खूण सांगते. ओरडून झाल्यावर तासाभरात तुम्ही पुन्हा नॉर्मल होता का, की दिवसभर "मीच वाईट आहे, सगळ्यांना माझ्यामुळेच त्रास होतो" हेच डोक्यात फिरत राहतं? दुसरं असेल तर ती नुसती चिडचिड नाही.

माझं डोकं नाहीतर पोट दुखतं, डॉक्टर म्हणाले सगळं नॉर्मल, घरचे म्हणतात नाटकं करते.

रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. टेन्शनने पोटात खरंच दुखतं, मळमळतं, छातीत धडधडतं. कधी दुखतं ते आठवडाभर लिहून बघा. सोमवारी सकाळी दुखतं आणि रविवारी नाही, किंवा ज्या दिवशी गणिताचा तास पहिला असतो त्याच दिवशी दुखतं, असं काही निघालं तर ते वहीचं पान घेऊनच या, माझं अर्धं काम होतं.

काहींना अचानक जोरात धडधडायला लागतं, श्वास अडकल्यासारखा होतो, हात गार पडतात, आता आपण मरतो की काय असं वाटतं आणि दहा-पंधरा मिनिटांत ओसरायला लागतं. हा पॅनिक अटॅक असू शकतो, पण पहिल्यांदाच झालं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. आणि उलटं पण लक्षात ठेवा, सतत थकवा, कशातच मन नाही, यामागे कधी कधी हिमोग्लोबिन कमी असतं, थायरॉईड निघतो, बी-१२ कमी असतं. मी स्वतः कितीतरी मुलींना आधी रक्त तपासून या म्हणून सांगते.

असं फक्त मलाच होतंय का? वर्गात सगळे मजेत दिसतात.

मजेत दिसतात, बरोबर शब्द वापरलात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं होतं, त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये ७.३ टक्के जणांना मानसिक आजार आढळला. महाराष्ट्र त्या सर्वेक्षणाच्या राज्यांमध्ये नव्हता, पण आपली पोरं काही वेगळ्या मातीची नाहीत. साठ जणांचा वर्ग धरला तर चार-एक जण झाले, आणि हे फक्त आजार म्हणण्याइतका त्रास असलेले, नुसत्या टेन्शनमध्ये असलेले धरलेच नाहीत. इन्स्टावर मात्र साठच्या साठ जण लोणावळ्याला गेलेले दिसणार.

शाळेत सांगायचं तर नक्की कुणाला? वर्गशिक्षकांना सांगावंच लागतं का?

नाही. पदाने कोण आहे हे बघूच नका, कोणाजवळ बोलताना जीभ अडखळत नाही ते बघा. वर्गशिक्षक असतील, पीटीचे सर असतील, चित्रकलेच्या बाई असतील, लायब्ररीतल्या मॅडम असतील, आमच्याकडे एक मुलगा पहिल्यांदा शिपाई मावशींशी बोलला आणि त्याच त्याला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आल्या. त्या माणसाकडे तुमच्या प्रॉब्लेमचं उत्तर नसलं तरी चालतं, तुम्हाला पुढे योग्य माणसापर्यंत पोचवायचं, एवढंच त्याचं काम.

शाळेत कुणी त्रास देतंय, नको तिथे हात लावतंय, घाणेरडे मेसेज पाठवतंय, असं असेल तर आपल्या महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असते, तक्रारपेटी असते. पेटी भिंतीवर आहे पण तिची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नाही अशा शाळा पण आहेत, हे मला ठाऊक आहे, म्हणून नुसती चिठ्ठी टाकून वाट बघू नका, एका तरी मोठ्या माणसाला तोंडाने सांगा. घरी किंवा बाहेर असं होत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे.

आमच्या शाळेत काउन्सेलरच नाही, मग?

बहुतेक शाळांची हीच गत आहे, जिल्हा परिषदेच्या आणि छोट्या गावातल्या शाळांची तर नक्कीच. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शाळा-कॉलेज-कोचिंग क्लासमध्ये निदान एक प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे, त्याहून छोट्या ठिकाणी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घेतलेलं पाहिजे, आणि हेल्पलाईनचे नंबर वर्गात, हॉस्टेलवर दिसतील असे लावले पाहिजेत. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं ते. निकाल आला म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत काउन्सेलर उगवत नाही हे मलाही कळतं, पण पालक सभेत हा विषय काढायला पालकांच्या हातात आता काहीतरी आहे.

तोपर्यंत काय? १४४१६, म्हणजे टेलिमानस, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन लावला की आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात आणि गरज वाटली तर ते पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, १० ते १९ वयासाठी, तिथे पाळीपासून टेन्शनपर्यंत काहीही विचारता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढायचा आणि जायचं. गावात आशाताईंना विचारलंत तर कुठल्या दिवशी कुठे जायचं ते त्या बरोबर सांगतात.

पण सुरुवात कशी करू? तोंडातून शब्दच फुटत नाहीत.

खूप जणांचं इथेच अडतं. मोठं भाषण तयार करू नका, एक वाक्य पाठ करा. "मॅडम, मला बरेच दिवस बरं वाटत नाहीये, तुमच्याशी बोलायचंय, आत्ता नाही, वेळ कधी आहे तुम्हाला?" बस. यात काय झालंय ते सांगितलेलंच नाही बघा, पण आता समोरचा माणूस तुम्हाला विसरू शकत नाही. वर्ग चालू असताना किंवा स्टाफरूमच्या दारात सगळ्यांसमोर सांगू नका, शाळा सुटल्यावर किंवा मधल्या सुट्टीत गाठा. एकट्याने भीती वाटत असेल तर मैत्रिणीला घेऊन या, ती बाहेर बसेल.

काउन्सेलरच्या रूममध्ये नक्की काय चालतं?

गप्पा. खरंच, बाहेरून बघितलं तर गप्पाच. पहिल्या वेळी मी झोप, जेवण, घरी कोण कोण आहे, मित्र कोण, सध्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा, असं विचारते. काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नसेल तर "हे नको" म्हणायचं, चालतं. कुणी तुमच्या मनातलं ओळखत नाही, कुणी लेक्चर देत नाही, दिलं तर सांगा की मॅडम हे लेक्चर झालं. साधारण एका तासिकेएवढा वेळ. आणि मी गोळ्या देत नाही, ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं, ते डॉक्टर असतात. बहुतेक मुलांना गोळ्यांची गरज लागत पण नाही.

मी बोललेलं घरी सांगणार का? खरं सांगा.

खरंच सांगते. कोणावर प्रेम आहे, बाबांचा किती राग येतो, आईच्या पर्समधून पैसे घेतले, इंजिनिअरिंग करायचं नाहीये, असलं काही मी घरी सांगत नाही आणि टीचर्सना पण सांगत नाही. वर्गशिक्षकांना फारतर एवढंच कळतं की ही मुलगी माझ्याकडे येते, तास बुडाला तर ओरडू नका.

पण तीन ठिकाणी मी गप्प बसू शकत नाही आणि हे मी पहिल्याच दिवशी सांगते. तुमच्या जिवाला धोका असेल, तुम्ही दुसऱ्या कुणाला इजा करणार असाल, किंवा तुमच्यावर लैंगिक अत्याचार होत असेल. शेवटच्या बाबतीत तर पोक्सो कायदाच आहे २०१२ चा, ज्या मोठ्या माणसाला कळलं त्याने कळवायलाच पाहिजे, नाही कळवलं तर तो गुन्हा. तरी सुद्धा चांगला काउन्सेलर तुमच्या पाठीमागून फोन करत नाही. आधी तुम्हाला सांगतो, कुणाला बोलवायचं, कसं सांगायचं, तुम्ही समोर बसणार का बाहेर, हे तुमच्याशी बोलून ठरवतो. घरातल्याच माणसाकडून त्रास असेल तर ते नक्की सांगा, म्हणजे त्याच माणसाला फोन जाणार नाही. आणि अठराच्या आत असाल तर दवाखान्यात औषधोपचार सुरू करायला आईवडिलांची संमती लागते, त्यामुळे कधी ना कधी घरच्यांना सामील करून घ्यावं लागतं, पण ते आम्ही मिळून करतो.

वर्गातल्या पोरांनी बघितलं तर मेंटल म्हणतील.

म्हणतील एखादा. मी खोटं कशाला सांगू? पण काउन्सेलिंग रूममध्ये करिअरचे फॉर्म पण मिळतात, अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट पण होते, "अकरावीच्या ऑप्शनचं विचारायला गेलो होतो" म्हणा आणि सोडून द्या. आणि जो जास्त चिडवतो त्याच्याकडे जरा लक्ष ठेवा, पुढच्या सहामाहीपर्यंत तोच दाराशी घुटमळताना दिसतो, हा माझा अनुभव आहे.

सरांना सांगितलं होतं, ते म्हणाले अभ्यासात लक्ष दे, सगळं ठीक होईल.

असं ऐकून पोरं कायमची गप्प होतात, मला याचा फार राग येतो. सर वाईट असतील असं नाही, त्यांना काय बोलावं ते सुचलं नसेल, बी.एड.ला हे कुणी शिकवत नाही नीट. पण तुम्ही चुकीचं काही केलेलं नाही. दुसरा माणूस गाठा, दुसऱ्याने पण उडवून लावलं तर तिसरा. आणि दुसऱ्यांदा सांगताना भावना न सांगता घटना सांगा, "मला लो वाटतं" यापेक्षा "गेले तीन आठवडे मी रात्री दोनच्या आधी झोपले नाही आणि डबा रोज परत नेते" हे मोठ्या माणसांना पटकन कळतं. असं करावं लागू नये खरं तर, पण लागतं.

मी दहावीला आहे, आत्ता वेळ नाही, बोर्ड झाल्यावर बघू?

नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपर, मग निकाल, मग अकरावीचं अ‍ॅडमिशन, मग बारावी, मग सीईटी नाहीतर नीट, "हे झालं की बघू" हे कधी होतच नाही. डोकं शांत नसेल तर आठ तास पुस्तक उघडून बसलात तरी दोन तासांचाच अभ्यास होतो. झोपेचं तर विचारूच नका, तुमच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि क्लासवाले सांगतात पाच तास झोपून टॉपर झालेल्याची स्टोरी. परीक्षेच्या काळात बोर्डाचे पण समुपदेशक फोनवर असतात, नंबर दरवर्षी बोर्ड जाहीर करतं, शाळेच्या नोटीस बोर्डावर लावायला सांगा.

मी गाव सोडून लातूरला क्लासला आलोय, घरच्यांनी कर्ज काढलंय, आता कुठल्या तोंडाने सांगू?

हा प्रश्न लातूर, कोटा, पुणे, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडून येतो आणि यात सगळ्यात जास्त त्रास अभ्यासाचा नसतो, पैशाचा असतो. वडिलांनी शेतावर कर्ज काढलं आणि टेस्टमध्ये मार्क घसरतायत, फोनवर आई विचारते "जेवलास का" आणि पोरगं "हो" म्हणून फोन ठेवतं. कर्जाचं ओझं तुम्ही एकटेच उचलताय असं वाटतं, पण घरच्यांनी ते तुम्ही बरे राहावेत म्हणूनच काढलंय. निकालाबद्दल लगेच नका सांगू हवं तर, तब्येतीबद्दल सांगा, "मला झोप येत नाही, भूक लागत नाही, दोन दिवस येऊन जा" एवढं. रूममेटला कल्पना देऊन ठेवा, मेसवाल्या काकूंना पण चालेल, कुणीतरी रोज तुमचं ताट बघणारं पाहिजे. आणि क्लास बदलणं, एक वर्ष थांबणं, घरी परत येणं, यातलं काहीही करून पुढे नीट शिकलेली मुलं भरपूर आहेत, फक्त त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत.

कधी कधी वाटतं मरून जावं. हे सांगितलं तर पोलीस येतील का?

नाही. असा विचार येणं गुन्हा नाही आणि त्याबद्दल बोलणं तर अजिबातच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच सांगितलंय की ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो प्रचंड ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला मदत करायची.

हा विचार असह्य त्रासातून येतो आणि त्रास कमी झाला की ओसरतो, पण तो एकट्याने थोपवत बसू नका. आज, या क्षणी तो विचार जोरात असेल तर एकटे राहू नका, जिथे माणसं आहेत त्या खोलीत जाऊन बसा, घरात जे कुणी जागं असेल त्याला उठून सांगा "मला एकटं सोडू नका". ज्याने इजा होईल असं जवळ काही असेल तर त्यापासून लांब जा, किंवा घरच्यांना ते काढून घ्यायला सांगा. १४४१६ लावा, जिवाला लगेच धोका असेल तर ११२. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी शाळेत येऊन सांगा, कारण असा विचार परत येऊ शकतो आणि तेव्हा आपली तयारी पाहिजे.

मैत्रिणीने हातावर कापून घेतलंय, तिने मला शप्पथ घातलीय कुणाला सांगू नको.

शप्पथ मोडा. शप्पथ मोडून कुणी मरत नाही. ती चिडेल, आठ-दहा दिवस बोलणार नाही कदाचित, मग बोलेल. तिला आधी सांगा की "मला तुझी भीती वाटतेय म्हणून मी मॅडमना सांगणारे, तू येतेस का बरोबर?" हातावर कापून घेणारं प्रत्येक जण जीव द्यायच्या विचारात असतं असं नाही, बऱ्याच जणांना आतलं दुखणं थोडा वेळ थांबवायचं असतं, पण हे ओळखायचं काम तुमचं नाही. "जीव द्यायचा विचार येतो का तुझ्या मनात" असं सरळ विचारलं तरी चालतं, विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. तिच्या हातावरच्या जखमांचा फोटो काढू नका, ग्रुपवर काही टाकू नका, आणि रात्र-रात्र तिला एकटीने सांभाळत बसू नका, तुम्ही पण पंधराच वर्षांच्या आहात.

मी फोनवर चॅटबॉटशी बोलते, ऑनलाईन टेस्ट पण केली, सिव्हिअर आलं. तेवढं पुरे नाही का?

लिहून मोकळं होण्यापुरतं ठीक आहे, मला त्यात वावगं वाटत नाही. पण त्याला तुमचा उतरलेला चेहरा दिसत नाही, तुम्ही डबा खाल्ला का ते कळत नाही, आणि तो वर्गशिक्षकांना जाऊन "हिला दोन दिवस होमवर्क विचारू नका" असं सांगू शकत नाही. टेस्टचं म्हणाल तर तिने निदान होत नाही, पण सिव्हिअर आलंय ना, मग स्क्रीनशॉट काढा आणि तोच दाखवा, बोलायला सुरुवात होईल.

हे सगळं शाळेच्या दाखल्यावर येतं का? पुढे अ‍ॅडमिशनला, नोकरीला?

नाही येत. लिव्हिंग सर्टिफिकेटवर असला रकानाच नसतो. माझ्या नोंदी माझ्या कपाटात, कुलूपबंद.

आम्ही पालक आहोत. मुलगा काहीच सांगत नाही, विचारलं की "काही नाही" म्हणतो.

समोर बसवून "काय झालंय सांग" असं विचारलं की पोरं मिटतात. गाडीवर मागे बसलेला असताना, भाजी निवडताना, रात्री लाईट घालवल्यावर, म्हणजे डोळ्यात बघावं लागत नाही अशा वेळी जास्त बोलतात. त्याने काही सांगितलंच तर पहिल्या पाच मिनिटांत उपाय सांगू नका, आणि "आमच्या वेळी" हे दोन शब्द तर कृपया नकोच. मार्कांचा विषय त्या दिवशी काढू नका. आणि शाळेतून काउन्सेलरचा फोन आला तर "आमच्या घरात असलं काही नाही" म्हणून ठेवू नका, आम्ही तुमच्या संस्कारांवर बोट ठेवायला फोन केलेला नसतो. बुवा-बाबाकडे, अंगाऱ्या-धुपाऱ्यात महिने घालवून मग येणारे पालक अजून पण भेटतात, शिकलेले पण, त्यांना हात जोडून सांगणं आहे, श्रद्धा ठेवा पण डॉक्टरची तारीख चुकवू नका.

एकदा काउन्सेलरकडे गेलो होतो, काही फरक पडला नाही.

एकदा जाऊन फारसा पडतही नाही, तीन-चार वेळा तरी भेटावं लागतं. पण चार वेळा जाऊन पण मोकळं वाटत नसेल तर माणूस बदला, त्यात कुणाचा अपमान नाही. मुलीला बाई हव्या असतात, कुणाला शाळेबाहेरचं माणूस हवं असतं. मलाच येऊन सांगितलंत तरी मी दुसरं नाव सुचवते.

मला बोलायला जमणारच नाही, मी चिठ्ठी लिहिली तर चालेल?

चालेल, व्हॉट्सअ‍ॅप चालेल, वहीत मागच्या पानावर लिहून वही दिलीत तरी चालेल. फक्त नाव आणि तुकडी लिहा. निनावी चिठ्ठी आली की मला अक्षर ओळखत अख्खी नववी पालथी घालावी लागते, आणि तुमच्या सगळ्यांची अक्षरं कशी आहेत ते तुम्हाला माहितीच आहे.